थोरलीचं नाव

मी हे लिहावं की नाही, ते अजून ठरत नाही. वासुदेवमामांबद्दल लिहायला त्यांच्या वयाची माणसं आहेत, त्यांच्या कलमांवर बागा उभ्या केलेले शेतकरी आहेत. मी अमरावतीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय सलग असं काही कधी लिहिलेलं नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण मामा गेल्यापासून सकाळी चहाच्या वेळेला हात आपोआप फोनकडे जातो. त्यांचा फोन यायची ती वेळ. "थोरली काय म्हणते, भाचेबुवा?" एवढंच विचारायचे... आता फोन शांत असतो आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

थोरली म्हणजे एक झाड. माझं गाव दर्यापूरकडचं, कपाशी-सोयाबीनचं. संत्र्याचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं ते मोर्शीजवळ मामांच्या नर्सरीतच. फाटकातून आत गेलं की समोर जुनं, आडवं पसरलेलं संत्र्याचं झाड. मामांच्या वडिलांनी लावलेलं. नर्सरीत आंबट जंबेरीच्या खुंटावर संत्र्याच्या काडीवरचा कोंब बसवून कलम करतात, त्याला डोळा भरणं म्हणतात. प्रत्येक रोपावर डोळा भरायचा तो याच झाडाचा, म्हणून घरात तिला थोरली म्हणायचे. पुढे गिऱ्हाईकही "थोरलीचं कलम द्या" म्हणू लागलं आणि पाटीवर नाव आलं, थोरली नर्सरी. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. डोळे भरायला शिकायला येणाऱ्यांनाच मामा "माह्ये पोट्टे" म्हणत. त्यातला कोणी स्वतःची नर्सरी काढायला निघाला की मामा थोरलीजवळ त्याच्या हातात नारळ द्यायचे, थोरलीच्या डोळकाड्यांची, म्हणजे डोळे असलेल्या काड्यांची, जुडी ओल्या फडक्यात बांधून द्यायचे आणि म्हणायचे, "जाय. थोरलीचं नाव सांगजो." त्याच्याही पाटीवर मग थोरलीच लागायची. मामांच्या वडिलांपासूनची ही रीत. त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात बाळापूरकडचे एक शेतकरी आले. मामींनी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. पिशवीतली फळं बाजेवर ओतली. खडबडीत, जाड सालीची. "तुमच्या थोरलीनं माह्यी पाच वर्सं खाल्ली," ते म्हणाले. मामांनी एक फळ चिरलं आणि त्यांच्यासमोर फोडी खाल्ल्या, तोंड वाकडं न करता. मी एक चाखली, डोळ्यांत पाणी आलं. ती जंबेरीच होती. वरचा संत्र्याचा डोळा कधीचा वाळलेला आणि खालचं खुंटच वाढून झाड झालेलं. कोणा व्यापाऱ्यानं बाजारात टेम्पो लावून, थोरलीची चिठ्ठी बांधून ती रोपं विकली होती. "हे माह्यं कलम नाई, भाऊ," मामा म्हणाले. "पण नाव तं तुमचंच हाय ना?" संत्र्याचं असंच असतं. घेताना सगळी कलमं सारखीच दिसतात, कळतं ते चार-पाच वर्षांनी. तोवर घेणाऱ्याच्या हातात असतं ते फक्त नाव.

मामांची झोप गेली. मीच म्हणालो, नावाची नोंदणी होते, ट्रेडमार्क म्हणतात, आम्हाला शिकवलंय. मग अमरावतीला एका वकील मॅडमकडे गेलो. मामा धुतलेला सदरा घालून खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. मॅडमनी विचारलं, "हे नाव तुमच्याशिवाय आणखी कोणी वापरतं का?"

"वापरते ना!" मामा खुलले. "माह्ये सारे पोट्टे वापरते. म्याच देल्लं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, नाव सगळ्यांना वाटून झाल्यावर ते तुमचं एकट्याचं आहे, हे सांगायचं कसं?"

"डोळकाडी देल्ली म्हणून झाड काय माह्यं नाई राह्यलं?"

मॅडम हसल्या, पण त्यांनी उपायही सांगितला. प्रत्येकाकडून एका कागदावर सही घ्यायची, की नाव मामांचं आहे आणि मी ते त्यांच्या परवानगीनं वापरतो. बास. मामा तेवढ्यालाच अडले. येताना बसमध्ये म्हणाले, "नारळ देऊन देल्लेल्या गोष्टीचा आता कागद मांगू? पोट्टा काय म्हणन मले?" मामी घरी म्हणाल्या, "तुमी कागद नोका मांगू, पुढच्या खेपीले तो टेम्पोवालाच नारळ घेऊन येईन!" मामा हसले, पण कागद मागितला नाही. अर्ज तेवढा केला. पुढची तारीख-माहिती इंटरनेटवर दिसायची, ती मी पाहायचो आणि रोज सकाळी मामांना सांगायचो. बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसायचंच. तरी फोन यायचा.

नाव सरकारी जर्नलमध्ये छापून आलं. म्हणजे कोणाची हरकत असेल तर आता घ्यावी. मामांनी पेढे आणले होते... आणि हरकत आली. ती दिनकरदादांची होती. बाळापूरकडे नर्सरी काढलेले, मामांचे सगळ्यांत लाडके शिष्य. 'हे नाव मी अनेक वर्षं वापरतो, अर्जदारांनीच मला ते दिलं.' मी वाचून दाखवलं. मामा नखानं बाजेची सुतळी उकरत म्हणाले, "खोटं काय लिवलं त्यानं? सारं खरंच हाय." मॅडमना मात्र शंका होती, ती खराब कलमंही दिनकरदादांकडूनच गेली नसतील ना? गावातही तशी कुजबुज होती. मामा ताडकन म्हणाले, "दिनकर नाई. त्याचा भरलेला डोळा मी आंधळ्यानं चाचपला तरी वळखीन." हरकतीला मुदतीत उत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, मग त्या टेम्पोवाल्याला अडवायला हातात काहीच उरत नाही. उत्तर द्यायचं म्हणजे दिनकरदादांविरुद्ध लिहायचं. मी म्हटलं, "मामा, तुमी एक फोन करा ना त्यायले." "त्यानं करावं. कागद त्यानं धाडला." असं म्हणून उठायचे, थोरलीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. आमची शेवटची भेट ती. त्याच आठवड्यात सकाळी डोळे भरता भरता ते वाफ्यातच बसले आणि उठले नाहीत. मला निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. त्या सकाळी चहाच्या वेळेला फोन आला नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं.

दहाव्याला दिनकरदादा आले. जेवले नाहीत. थोरलीच्या आळ्यातलं गवत काढत बसले होते. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाले, "लोक सांगे का काका त्या खराब मालाचा आळ माह्यावर घेऊन राह्यले, म्हणून नाव आपल्याकडं आवळून राह्यले. मले वाटलं, त्यायचा भरोसा उडाला." मी त्यांना मॅडमनी सुचवलेल्या आणि मामांनी कधी न मागितलेल्या सहीच्या कागदाबद्दल सांगितलं, आणि मामांचं ते आंधळ्यानं चाचपण्याचं वाक्यही. दिनकरदादांचे हात थांबले. "असं म्हणे?" "असंच म्हणे." मग ते फाटकाकडे निघून गेले, मामींनाही न भेटता.

त्यानंतर दिवस जायला लागले आणि उत्तराची मुदत जवळ यायला लागली. अर्जावर मामींचं नाव चढवायचं होतं, उत्तरावर त्यांचीच सही लागणार होती, आणि मामी म्हणत, "त्यायनं नाई लिवलं दिनकरच्या इरुद्ध, मी काहून लिवू?" मॅडमचे फोन मलाच येत. नाव जाणार, हे दिसत होतं. वर्गात बसवत नव्हतं. दर तासाला मी इंटरनेटवर तेच पान उघडायचो, जणू मीच बघत राहिलो नाही तर ते हातातून सुटेल...

काल सकाळी, चहाच्या वेळेला, फोन वाजला. पडद्यावर मामांचं नाव. क्षणभर उचलवेना. पलीकडे मामी होत्या. "आयक," त्या म्हणाल्या, "दिनकर येऊन बसला हाय. नारळ घेऊन आला, थोरलीपाशी ठेवला. हरकत वापस घेतो म्हणते. अन् इचारून राह्यला, काकू, तो सहीचा कागद कुठं हाय?"