विरजण, तुळस आणि फ्यूज

१८ ऑक्टोबर, शुक्रवार: एसीच्या जाळ्या धुणे. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत एवढंच लिहिलेलं आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा तो मस्कतमधला शेवटचा शुक्रवार होता. पण जाळ्या तर धुवायच्या होत्याच.

जगात बिघडलेली वस्तू अशी काही नसतेच, असं मानणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे हे काका. वस्तू बिघडत नाही, तिच्यापर्यंत वीज पोचत नाही, एवढंच. मिक्सर फिरेना, गीझर तापेना, माझ्या मुलीला गणित जमेना, काकांचं निदान ठरलेलं: "आधी सप्लाय बघा." वयाने ते माझ्याहून दहा वर्षांनीच मोठे, पण मुलं काका म्हणायला लागली आणि अल् घुब्रातल्या आमच्या अख्ख्या इमारतीचे ते काका झाले. नोकरी दुक्मला, प्रकल्पावर, इलेक्ट्रिकलची. पंधरा दिवसांनी घरी यायचे ते वाळवंटातून अर्धा दिवस प्रवास करून, आणि आंघोळीच्या आधी जिन्यातले सगळे मीटर बघून यायचे. इथल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये भारतातला दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून वरच्या भोकात बॉलपेन खुपसायची आपल्या लोकांना सवय. काकांना ते पाप वाटे. असं पेन दिसलं की ते उपसून खिशात टाकत आणि परत देत नसत. त्यांच्या खिशाला कायम सहा-सात पेनं असत आणि त्यातलं एकही त्यांचं नसे. एका गणपतीत आमच्याकडे आरतीला सगळे उभे, तबक पेटलेलं, आणि काका मखराच्या मागे टेस्टर घेऊन बसलेले. गुरुजींनी घड्याळ बघितलं. आतून आवाज आला, "देव थांबेल गुरुजी, करंट थांबत नाही." आरती वीस मिनिटं उशिरा झाली. मखराची एक वायर खरंच उघडी निघाली.

त्यांच्या घरात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे फ्रिज नव्हे, तर स्लॉट मशीन. जपानहून जुना माल येतो त्या कंटेनरमधून सायकली आणि वॉशिंग मशीनबरोबर ते मस्कतजवळच्या बरक्यात उतरलं होतं. तिथल्या रत्नागिरीच्या दुकानदाराने काकांना बघताच सांगितलं, "साहेब, जुगाराचं यंत्र, दुकानात ठेवू शकत नाय, घरात ठेवणार नाय. तुम्ही न्या." काका पिकअपमध्ये घालून घेऊन आले. दांडी ओढली की तीन चक्रं फिरायची, चेरी आणि घंटा दिसायच्या, आणि आत टाकलेले पत्र्याचे बिल्ले कधीकधी खणखणत बाहेर यायचे. मशीन जपानी म्हणजे शंभर व्होल्टचं, इथली वीज दोनशे चाळीस. म्हणून मध्ये एक पाटावरवंट्याएवढा जड ट्रान्सफॉर्मर. माझ्या मुलीने अडखळत विचारलं होतं, "काका, हे... गॅम्बलिंग आहे का?" काका म्हणाले, "नाही गं. यात घातलेलं बाहेर जात नाही, बाहेर आलेलं परत घालावं लागतं. याला संसार म्हणतात." स्वयंपाकघरातून काकूंनी भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

काकूंचं त्या मशीनशी वाकडं होतं, आणि कारण चांगलं होतं. काकांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. त्यानंतरच्या दिवाळीत मशीन उघडं ठेवून चालू करताना त्यांना विजेचा असा झटका बसला की ते मागे फेकले गेले. मागे सोफा होता म्हणून निभावलं. ऑगस्टमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी काकू पुण्याला निघाल्या तेव्हा, इथे सगळ्या बायका ठेवतात तसं, माझ्याकडे विरजण आणि तुळस ठेवायला आल्या. मग पदराची गाठ सोडून त्यांनी एक पांढरा, बोटाच्या पेराएवढा फ्यूज माझ्या हातावर ठेवला. इथल्या प्लगांच्या पोटात असतो तो. "मशीनच्या प्लगमधला आहे. ह्यांना उघडू दे, खोलू दे. हातांना काम हवंच. फक्त करंट नको. सांगू नकोस." मला ते पटलं. मी फ्यूज मोहरीच्या डब्यात ठेवला.

नंतर काकूंचं परत येणं लांबलं, काकांचं कंत्राट संपलं, आणि त्यांनीही कायमचं जायचं ठरलं. दुक्म सुटल्यावर काका रोज घरी. काकूंनी लक्ष ठेवायला सांगितलेलं, म्हणून संध्याकाळी मी थालीपीठ नाहीतर उपमा घेऊन वर जायची आणि टॉर्च धरून उभी राहायची. "वहिनी, जरा डावीकडे." सॉकेटला मीटर लावून ते म्हणत, "दोनशे चाळीस. बरोबर." मग थेट मशीनच्या पोटात शिरत. तळातला सप्लायचा डबा, त्याचा आतला फ्यूज, किल्लीचा स्विच, मोठ्या बोर्डाकडे जाणारी वायर, एकेक सुटं करून पुसत आणि परत लावत. मशीन मुकं. सहा आठवडे हेच. खाली लिफ्टपाशी लोक म्हणायला लागले, काकांचा हात गेला. एका बाईने आपला मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात पाठवला, तोही काकांच्या डोळ्यांदेखत. मला मात्र मोहरी फोडणीला टाकताना दर वेळी तो फ्यूज दिसायचा. काकांचा एक नियम होता: बंद वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची नाही. कुणाला द्यायची तर चालू करून. आता शनिवारी सकाळी नऊला सामानाची गाडी येणार होती, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या घरातून बंद वस्तू जाणार होती, ती माझ्यामुळे.

त्या शुक्रवारी मी बाल्कनीत जाळ्या घासत होते तेव्हा ते खाली आले. हातात त्यांची वही. इमारतीतल्या प्रत्येक यंत्राचा आजार आणि उपचार तिच्यात तारीखवार लिहिलेला. "ही तुमच्याकडे राहू दे. तुमच्या एसीचं पान सव्वीस. मशीन उद्या भंगारवाल्याला द्या. खलास."

"असं बंदच?"

"बंदच," म्हणाले, आणि माझी एक जाळी उन्हाकडे धरून बघितली. "कोपरे राहिलेत."

जाळ्या वाळल्यावर मी पान सव्वीस काढलं, आणि मग मशीनचंही. पहिली नोंद ऑगस्टमधली, काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची. "मशीन बंद. सॉकेट ठीक. ट्रान्सफॉर्मरला वीज नाही. प्लगमध्ये फ्यूज नाही. हिने काढला आहे. ती घाबरते. लावायचा नाही." खाली रोजच्या नोंदी: "वहिनींनी टॉर्च धरला. काही सापडलं नाही." "थालीपीठ. काही सापडलं नाही." "वहिनींना खोकला, लवकर पाठवलं. काही सापडलं नाही." सॉकेट आणि मशीन यांच्या मधलं ते कधीच मोजत नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या घरात असल्या फ्यूजांनी भरलेला बिस्किटांचा डबा होता. एक काढून बसवायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याऐवजी त्यांनी हात गेल्याचे बोल सहा आठवडे ऐकून घेतले.

मी वही मिटली आणि जाळ्यांचे कोपरे पुन्हा घासले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पुण्याला फोन लावला. "काकू, फ्यूज बसवते आहे. मशीनचं झाकण लावून, मी स्वतः. नंतर ते माझ्याकडे राहील."

"ह्यांना कळलं का?"

"पहिल्या दिवशीच."

मागे बाळ रडायला लागलं. मग काकू म्हणाल्या, "बसव. आणि दूर उभं राहायला सांग त्यांना."

मी वर गेले. काका बांधलेल्या खोक्यांमध्ये चहा पीत बसले होते. मी मशीनच्या झाकणाचे सगळे स्क्रू आवळले, प्लग हातात घेतला, उघडला, फ्यूज बसवला. त्याला मोहरीचा एक दाणा चिकटला होता, तो काकांनी बघितला. "दोन पावलं मागे," मी म्हटलं, "पुण्याहून निरोप आहे." ते मागे सरकले. मी बटण दाबलं. मशीनला आधी घरघर लागली, मग लाल दिवे लागले, मग ती तीन चक्रं कुणी न सांगता एकदा फिरून उभी राहिली. चेरी, घंटा, चेरी.

"सप्लायच होता," काका म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. दोन पावलं मागे ते माझ्यासाठी टॉर्च धरून उभे होते. पडदे काढलेल्या खिडक्यांतून खोलीभर ऊन आलं होतं. मी त्यांना टॉर्च विझवायला सांगितलं नाही. म्हटलं, "जरा डावीकडे," आणि त्यांनी तो डावीकडे केला.