तळाशी घातलेला हात

मी संशयी माणूस आहे. दुकानदार "डोळे झाकून न्या" म्हणाला की मी आधी चष्मा पुसतो. हॉटेलात "आजचंच आहे" ऐकलं की कालचं किती उरलंय ते विचारतो. घरचे वैतागतात, पण याच स्वभावावर यवतमाळात माझं थोडंफार नाव झालं. दिवसा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. संध्याकाळी व्हिडिओ गेम खेळतो आणि ते विकत घेण्याच्या लायकीचे आहेत की नाहीत, ते आमच्या वऱ्हाडी बोलीत मोबाइलसमोर बसून सांगतो. उड्या मारायचे, खड्डे ओलांडायचे, समोर येईल त्याला झोडपायचे गेम हा माझा खास प्रांत. निकाल दोनच: "घ्या" किंवा "राहू द्या". "राहू द्या" जास्त वेळा म्हणतो. लोकांनाही तेच ऐकायला आवडतं, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

ही पारख मी वडिलांकडून उचलली. बाबा नेरला एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की वरचा पांढराशुभ्र थर ते बघायचेच नाहीत. बाही सरकवून खांद्यापर्यंत हात गाडीत घालायचे, तळातली मूठ बाहेर काढायचे, दोन बोटांत धागा ओढून बघायचे, मग मूठ गालाला लावायचे. पाणी मारलेला कापूस गालाला लगेच कळतो, म्हणायचे. गाडीवाला "साहेब, वरूनच पाहा ना, सारा एकसारखाच हाय" म्हणाला, की बाबा हात आणखी खोल घालायचे.

मी शाळेत असताना हट्ट करून व्हिडिओ गेमची एक कॅसेट आणली होती. वर छापलेलं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. बाबांनी आयुष्यात गेमचं बटन दाबलेलं नव्हतं. माझ्या शेजारी बसून त्यांनी यादी बघितली आणि म्हणाले, "पह्यला नोको लावू. तयचा लाव." तळचा लावला. मग मधला. मग त्याच्या थोडा वरचा. सगळीकडे तोच माणूस, तीच भिंत, फक्त सदऱ्याचा रंग वेगळा. खेळ निघाले सात. बाबा मला घेऊन दुकानात गेले, कॅसेट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पानी मारलं हाय यात." दुकानदाराने निमूटपणे परत घेतली. त्या दिवसापासून मी कोणताही गेम तळापासून बघतो. कंपन्या पहिल्या दोन-तीन पातळ्या सजवतात, कारण विकत घेणारा तेवढ्याच बघतो. पुढे माल संपलेला असतो.

गेल्या कार्तिकात बोरी अरबच्या एका मुलीचा मेसेज आला. चोविशीची असेल. इंजिनिअरिंग झालेली, दोन वर्षं घरी बसून एकटीने एक गेम केला होता. कापूस वेचणारी बाई धुऱ्याबांधांवरून, नाल्यांवरून उड्या मारते, रानडुकरांशी भिडते, वेचलेला कापूस ओटीत भरते. पुढे लिहिलं होतं, "बाबांनी तूर निघेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर गेम चालला तर मी घरी राहून पुढचा करीन. नाही तर काकांनी पुण्याला नोकरी बघून ठेवली आहे, तिकडे जावं लागेल. आमच्याकडची मुलं तुमचं ऐकतात, सर. फक्त सुरुवातीपासून खेळा, एवढंच म्हणणं आहे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. एक तर मुदतीची गोष्ट. माल चांगला असेल तर सोबत रडगाणं कशाला पाठवायचं? आणि दुसरं म्हणजे ते "सुरुवातीपासून खेळा". हे तर गाडीवाल्याचं "वरूनच पाहा"! मी उलट कळवलं की सगळ्या पातळ्या उघड्या करून पाठव, मी तसंच बघतो. तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्याचाही मी माझ्या परीने अर्थ लावला. तिसऱ्या दिवशी तिने पाठवलं.

मी सगळ्यात शेवटची पातळी उघडली. एक रिकामं वावर. कापसाची मातकट पऱ्हाटी, बोंडं तुरळक, शत्रू जवळजवळ नाहीतच, नुसता वाऱ्याचा आवाज. मग मधली उघडली. तेच वावर! तोच नाला, तीच बाभूळ, राखणीचा तोच माळा. मग पहिली. पुन्हा तेच वावर, फक्त हिरवं आणि कापसाने फुललेलं. मला कॅसेट आठवली, सदऱ्याचा रंग आठवला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. चोर पकडल्याचा आनंद. त्यात आणखी एक पुरावा सापडला. हातातल्या रिमोटचं वरचं बटन काहीच करत नव्हतं. शेवटच्या वावरात, मधल्या वावरात मी ते दाबून दाबून बघितलं. बाई ढिम्म.

मोबाइलसमोर बसलो आणि चढलो. "एकच वावर तीनदा इकून राह्यली हे पोरगी. एक बटन तं नुसतं शोभेले देलं हाय. अन् हे पाहा, पातळीच्या नावापुढं तीन बोंडाची चित्रं काढलीत, म्हंजे म्हनते का हे सगळ्यात कठीन. अरे, कठीन कायचं? झोप येते! पानी मारलेला कापूस हाय हा. राहू द्या." ते "पाणी मारलेला कापूस" लोकांना फार आवडलं. त्या मुलीच्या पानावर जाऊन पोरं तेच लिहू लागली. तिने मला काही कळवलं नाही. मी म्हटलं, पकडली गेली, आता काय बोलणार.

पुढच्या रविवारी नेरला गेलो. बाबांना आता कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. त्यांची पद्धत वापरली होती, म्हणून मोठ्या कौतुकाने त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुरता ऐकला. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हे बोंडं कायचे हायेत?"

"कोणतं किती कठीण ते दाखवायला. एक, दोन, तीन."

"कोन म्हनलं?"

कोणीच म्हटलेलं नव्हतं.

"पह्यला वेचा, दुसरा वेचा, तिसरा वेचा," बाबा म्हणाले. "एकाच वावरात बाई तीनदा नाही जात, तं काय दरखेपी नवं वावर आनते? तिसऱ्या वेच्याले वावर असंच दिसते. ग्रेडरचा पोरगा ना रे तू?" मग मोबाइल माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "तयाशी हात गाडीत घालतेत. गाडी एका दिवसात भरते, वावराले हंगाम लागते. वावरात कायले घातला?"

बसमध्ये नेरहून यवतमाळला येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. वेचे असतील, पण गेम तर रिकामाच आहे ना? आणि ते बटन? बाबांना गेममधलं काय कळतं? तरी घरी आल्यावर मी तिच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीपासून खेळायला बसलो, आणि तेही तिची चूक पुन्हा एकदा सिद्ध करायला.

पहिल्या वेच्यात मी माझ्या सवयीने पळालो. झाडांवरून उड्या, डुकरांना काठी, नाला एका झेपेत. वाटेत चारदोन वेचणाऱ्या बाया होत्या, त्यांच्या डोक्यावरून उडी मारता येते म्हणून मारली. एक बाई कापसाच्या गाठोड्याजवळ वाकून उभी होती, तिला ओलांडून गेलो. दुसऱ्या वेच्यात वावर तेच होतं, पण मी मोडलेली झाडं मोडलेलीच होती. घाईत सोडलेली बोंडं लोंबत होती. नाल्याचा काठ मी ज्या जागी धडक मारली तिथे खचला होता, आणि आता उडी लांब पडत होती. तिसऱ्या वेच्यात वावरात कोणीच नव्हतं. मोडकं वावर, आणि त्यात माझी एकटी बाई.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिसरं वावर तिने केलेलंच नव्हतं. ते खेळणाऱ्याने पहिल्यात आणि दुसऱ्यात जे केलं, त्यातून तयार होत होतं. मी सगळं उघडं करून मागितलं, मागचं काही न खेळता तळाशी हात घातला, तर तिथे काय लागणार? माझ्याच पद्धतीने मी तो गेम रिकामा केला आणि रिकामा आहे म्हणून जगाला सांगितलं.

मी पुन्हा सुरुवात केली. गाठोड्याजवळच्या बाईपाशी थांबलो आणि वरचं बटन दाबलं. माझ्या बाईने हात दिला, गाठोडं त्या बाईच्या डोक्यावर चढलं. एवढंच. तिसऱ्या वेच्याला ती बाई त्या बाभळीखाली बसलेली होती. मला बघून सरकली आणि तिने शेजारी जागा केली. मी स्क्रीनसमोर बसलेला बेचाळीस वर्षांचा माणूस, मला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी नवा व्हिडिओ केला. चूक कबूल केली, स्पष्ट "घ्या" म्हटलं. खाली पोरांनी लिहिलं, "सर विकले गेले", "किती भेटले सर?" कोणी लिहिलं, पोरगी नात्यातली असेल. मला राग आला, पण कोणत्या तोंडाने रागावणार? त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं, आणि जास्त तिखटमीठ लावून. माझ्याच शाळेत शिकलेली पोरं ती.

म्हणून एसटीने दारव्हा आणि तिथून बोरी अरबला गेलो. घर सापडलं. अंगणात तूर बडवून झालेली होती, ढीग ताडपत्रीखाली झाकलेला. मुदत संपली होती, हे मला फाटकातच कळलं. मुलगी दारात आली. "या" म्हणाली, पण बाजूला सरकली नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले वाटलं तुमी खेयलेच नाही. आताही काहून खेयलं म्हनता, ते मले मालूम नाही."

मी पिशवीतून पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात माझं खेळलेलं वावर होतं. तिने आतल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला तो लावला आणि थेट तिसरा वेचा उघडला. मी तळाशी हात घालणारा माणूस, पण असा हात घातलेला मी बाबांनंतर पहिल्यांदाच बघितला. ती स्क्रीनवर बोट फिरवत होती. "हे झाड मोडलं तुमी. इथं घाई केली. हे बोंड दिसलं नाही तुमाले." बोट बाभळीखालच्या बाईपर्यंत गेलं आणि थांबलं. मग ती म्हणाली, "बसा सर. च्या मांडते."

तेवढ्यात तिचे वडील आले. हातपाय धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभे राहिले. मला बघूनच त्यांनी ओळखलं. त्यांनी दोन्ही व्हिडिओ बघितले होते.

"तं काय म्हनता सर? घ्या का राहू द्या?"

"घ्या," मी म्हणालो.

"मी कायले घेऊ? मी इचारून राह्यलो, पोरीले घरी ठिवू का पुन्याले धाडू? मांगं तुमी राहू द्या म्हनलं होतं. आता घ्या म्हनता. दोन्ही डाव असेच छाती ठोकून. मंग कोनतं खरं धरू?"

माझे निकालाचे शब्द दोनच, आणि दोन्ही वापरून झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यावर शंका घेतली, आणि आता माझ्या बोलण्याला कवडीची किंमत नव्हती, तीही नेमकी ज्या घरी ती लागत होती त्या घरी. मुलगी चुलीकडच्या दारात कप धरून उभी होती. मी म्हणालो, "भाऊ, माझं ऐकू नका. तुम्हीच खेळून पाहा."

ते हसले नाहीत. खुर्ची ओढली, टॉवेलला हात पुसले. मुलीने कप खाली ठेवला, पहिला वेचा लावला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. चालायचं कसं, वेचायचं कसं, तेवढं दाखवलं. दोन वर्षं ते त्या टेबलावरून जात-येत होते, पण तो त्यांनी हातात कधी घेतला नव्हता.

त्यांनी उडी मारलीच नाही. बाईला ओळीने चालवत नेलं. एकेक बोंड वेचलं. झाड आडवं आलं तर वळसा घातला. डुक्कर आलं तेव्हा तोंडाने "हुर्रर्र" केलं, आणि मग मुलीने सांगितल्यावर काठी मारली. मला एवढा संथ खेळ कधी बघवला नसता. मी बघत राहिलो. गाठोड्याजवळ वाकलेली बाई आली, तसे ते थांबले. इकडेतिकडे बघितलं, बटनांवरून अंगठा फिरवला.

"हिले हात कसा द्याचा?"

"वरचं बटन, बाबा," मुलगी म्हणाली.

खिडकीतला फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि चेहरा पाडून पुढे केला. पुण्याचे काका होते, नोकरीचं पक्कं कळवा म्हणून त्यांचा दोन दिवसांपासून धोशा चालला होता. वडिलांनी डोळे स्क्रीनवरून न काढता फोन खांद्याने कानाला दाबला.

"मंग बोलतो रे," ते म्हणाले. "आता वावरात हाओ मी."