दादाची दुसरी नळी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... खरं तर आजही नाही. लॅबमध्ये आयुष्य गेलेला, पुस्तकांत रमणारा माणूस मी. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

ऐंशीच्या दशकातला हिवाळा. बोईसरच्या एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. सर्दी-तापाच्या कोरोना विषाणूवर काम चालू होतं. रुग्णाचं रक्त दोनदा घ्यायचं – तापात एकदा, तीन आठवड्यांनी पुन्हा. दुसऱ्या रक्तात अँटीबॉडी वाढल्या, म्हणजे शरीर विषाणूशी लढलं.

रक्त घ्यायला घिवलीला गेलो. माझंच गाव, तरी सुई पाहून कोणी पुढे येईना. शेवटी तापाने फणफणलेला थोरला भाऊ खाटेवरून उठला. "पापलेटाच्या अंगात यापेक्षा जास्त रगत असतं रे! घाबरताय काय?" मग आणखी नऊ जण आले. वेळ वाचावा म्हणून दोन्ही नळ्यांवर नावं आम्ही त्याच दिवशी चिकटवायचो.

आठव्या दिवशी दादा गेला. न्यूमोनिया.

"तू रगत नेलंस तवाच संपला त्यो," वहिनी म्हणाली. "माज्या दारात पाय ठेवू नको." कालपर्यंत मला भावजी म्हणायची ती.

तीन आठवड्यांनी उरलेल्या नऊ जणांनी दंड पुढे केले. दादाच्या नावाची रिकामी नळी नळ्यांच्या कुलूपबंद पेटीतून काढायला माझा हात धजला नाही. बोईसरला येऊन पेटी उघडली – दहाही नळ्या भरलेल्या. किल्ली माझ्याच खिशात होती.

लॅबचे साहेब भडकले. "मेलेल्या माणसाचं रक्त? कोणाचं ओतलंस यात?"

"तपासा," एवढंच म्हणालो.

रक्तगट दादाचाच निघाला. त्या नऊ जणांत तो कोणाचाच नव्हता. पहिल्या नळीत अँटीबॉडी जवळपास नव्हत्याच. दुसरीत भरपूर...

रक्त काढल्याने दादा खचला नव्हता, एवढं वहिनीला पटावं म्हणून मी धावत गेलो. ती बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तीन आठवडे लडत व्हता?"

"हो, वहिनी."

"अन् तू आठव्या दिशी त्याला आग दिलीस."

नळीत रक्त कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात वहिनी वारली. तिने सांगून ठेवलं होतं... खांदा द्यायला मला कोणी पुढे होऊ दिलं नाही.