दगडाबाईंच्या हातची गाठ

दगडाबाईंचा राग लोहाऱ्यात थट्टेचा विषय होता. एसटीच्या कंडक्टरशी त्या भांडायच्या, रेशनच्या दुकानात भांडायच्या, देवळातल्या रांगेतसुद्धा कुणी पुढं घुसलं की त्याची धडगत नसायची. अशी ही बाई रणधीरशेठच्या पशुखाद्याच्या कारखान्यात नऊ वर्षं खाली मान घालून पोती शिवत होती. त्या खाली घातलेल्या मानेचाच राग पुढं त्यांना सगळ्यात जास्त आला.

नव्या मालाची पोती मशीन शिवायचं. दगडाबाईंकडं यायची ती दुकानांतून परत आलेली, तारीख उलटून गेलेली. जुनी चिठ्ठी उसवायची, नव्या तारखेची चिठ्ठी तोंडाशी धरायची आणि दाभणात सुतळी ओवून पोतं पुन्हा शिवायचं. दर पाचव्या टाक्याला त्या एक उलटी गाठ मारायच्या. टाका सुटू नये म्हणून आईनं वाकळ शिवताना शिकवलेली गाठ होती ती.

बाई चौथी शिकलेल्या. तारीख त्यांना वाचता येत होती. सुरुवातीला त्यांनी शेठला विचारलंही होतं.

"मावशी, माल त्योच हाय. निस्ता कागद बदलायचा," शेठ हसत म्हणाले होते. "आन् जनावराला काय कळतंय?"

दगडाबाईंना ते पटलं. खरं सांगायचं तर त्यांनी ते पटवून घेतलं. घराजवळचं, सावलीतलं काम कुणाला सोडवतं?

मग यंदाच्या श्रावणात घरची म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. सून ज्ञानेश्वरीनं तिला पोटच्या लेकरासारखं जपलं होतं. जनावराच्या डॉक्टरांनी म्हैस तपासली, मग खाद्याच्या टोपल्यात हात घातला. आतून हिरवट, कुबट ढेकळं निघाली.

"बुरशी आहे ही. मला याचाच संशय येतोय. कुठून आणलंत?"

ज्ञानेश्वरीनं गावातल्या दुकानाचं नाव सांगितलं. दगडाबाईंनी कोपऱ्यातलं रिकामं पोतं ओढून उजेडात धरलं. तोंडाशी मशीनच्या बारीक भोकांची एक ओळ होती आणि तिच्याखाली दाभणाची मोठी भोकं. एका कडेला सुतळी अजून लटकत होती. तिच्यावर उलटी गाठ होती.

"आगं, ह्ये म्याच शिवलंय," त्या गाठीवर बोट ठेवून म्हणाल्या. "तुझ्या म्हशीला म्याच घातलं की गं ह्ये!"

ज्ञानेश्वरीनं टोपलं उचललं आणि उकिरड्यावर रिकामं केलं. ती दोन शिव्या देती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोतं काखेत मारून त्या धाराशिवच्या सरकारी कार्यालयात गेल्या. कारकून म्हणाला, बिल आणा. गावच्या दुकानात बिल कोण देतंय? बाईंनी असा आवाज चढवला, की आतल्या खोलीतून प्रतीक्षा मॅडम नावाच्या तपासणी अधिकारी बाहेर आल्या. त्यांनी आधी पोतं पाहिलं, मग खुर्ची दिली.

दोन दिवसांनी मॅडम कारखान्यात आल्या. शेठचे कागद चोख होते. भिंतीवर परवाना, फाइलीत प्रयोगशाळेचे अहवाल, रजिस्टरात सुबक अक्षर. कागदाला बुरशी थोडीच लागते! मॅडम पानं उलटत राहिल्या तशा दगडाबाई आतल्या आत पेटत गेल्या. गोदामात चाळीस पोती रचलेली होती आणि ती उद्या गावोगाव जाणार होती.

"मॅडम, फायली ठिवा. हिकडं या."

त्यांनी वरचं पोतं खाली ओढलं आणि भोकांच्या दोन ओळी दाखवल्या, एक मशीनची, एक दाभणाची; पोतं उसवून पुन्हा शिवलेलं होतं. दुसऱ्यावरही त्याच होत्या, तिसऱ्यावरही. शेठचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती.

"मला काय ठावं? पोती हीच बाई शिवती. तिलाच इचारा."

"व्हय, म्याच शिवलीत," दगडाबाई कडाडल्या. "तुमी चिठ्ठ्या दिल्या, म्या शिवल्या." दाभणानं त्यांनी आपलीच गाठ उसवली, आत हात घातला आणि मूठभर खाद्य थेट शेठच्या नाकाशी धरलं. "जनावराला कळत न्हाय म्हणालता न्हवं? तुमाला कळतंय का बघा!"

शेठनं नाक दाबून तोंड फिरवलं.

मॅडमनी नमुने घेतले, चाळीसही पोती मोजून सील केली आणि जबाब लिहायला बसल्या. मग थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, यात तुमचंही नाव येईल. तारखा बदलल्यात तुम्ही. विचार करा."

"लिवा."

"नोकरी तर जाईलच, पण—"

"लिवा म्हंते न्हवं! म्हाजं नाव आदी लिवा. त्येचं त्येच्याखाली."

त्यांनी जबाबाखाली ठळक सही केली. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा ज्ञानेश्वरी गोठ्यात म्हशीला ओला चारा घालत होती. दगडाबाई पेंढी घेऊन पुढं झाल्या. म्हशीनं त्यांचा हात हुंगला आणि तोंड बाजूला वळवलं.