गादीवाले काका आणि जागं राहायची गादी

आमच्या गल्लीतली बहुतेक माणसं गादीवाल्या काकांच्या गादीवर झोपतात. काकांचा शिरस्ताच होता, शिवून झालेली प्रत्येक गादी आधी स्वतः पडून बघायची. पण पाठ टेकली की काका संपले. गिऱ्हाइकाने हलवून उठवावं, तेव्हा डोळे चोळत म्हणायचे, "घेऊन जा, पास झाली!"

एकदा भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई दुकानात आल्या. त्यांना पातळ आणि डोक्याकडे उंच अशी गादी हवी होती.

"पित्ताचा त्रास?" काकांनी विचारलं.

"छे हो, तारे बघायचेत. उभ्याने मान अवघडते."

काका दाभणात दोरा ओवत होते. बाईंची शिकवायची सवय कुठे जायला! त्या सांगत सुटल्या. थंडीत संध्याकाळी पूर्वेकडे मृग उगवतो, त्यातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली गेलं की झगझगीत व्याध. एप्रिलमध्ये डोक्यावर सिंह. आणि उत्तरेला सप्तर्षी, त्यांच्या शेपटीची कमान धरून गेलं की स्वाती, आणखी पुढे चित्रा. जुलैत ढग नसले तर दक्षिणेला नांगी उगारलेला विंचू, त्याच्या काळजाशी लालसर ज्येष्ठा.

काकांनी दाभण खाली ठेवलं. "म्हणजे वर बारा महिने एवढा खेळ चालतो, आणि मी पालथा झोपतो?"

त्याच आठवड्यात काकांनी स्वतःसाठी तशीच गादी शिवली आणि जेवण झाल्यावर गच्चीवर टाकली. काकूही आल्या. त्यांना गादीवर जागाच उरली नव्हती, म्हणून त्या पालथ्या बादलीवर बसल्या.

"तो बघ मृग! एक, दोन..." काका म्हणाले.

तिसऱ्या ताऱ्याच्या जागी घोरणं आलं.

काकू म्हणाल्या, "अहो, व्याध राहिला!"

"मोजमाप घेऊन ठेव, उद्या शिवतो," काका झोपेत म्हणाले.

एप्रिलमध्ये त्यांनी उभं राहून सिंह बघायचं ठरवलं. सिंह दिसला, पण मान तिथेच अडकली. पुढचे काही दिवस काका नाक आभाळाकडे करून दुकानात जात होते. "काकांना भलताच माज चढलाय, ओळखसुद्धा देत नाहीत," असं वाणी सगळ्यांना सांगत सुटला. डॉक्टरांनी मान चोळून दिली आणि म्हणाले, "आता जरा जमिनीवरचं बघा."

जुलैत पुन्हा गादी. विंचवाची नांगी दिसायच्या आत काका गाढ. काकूंना मात्र बादलीची कड रुतायची, त्यामुळे डुलकी लागायची सोयच नव्हती. तेवढ्यात त्यांचं निम्मं आकाश पाठ झालं. सकाळी चहा घेताना त्या काकांना सांगायच्या, आणि दुपारी काका तेच गिऱ्हाइकांना ऐकवायचे, जणू ज्येष्ठा त्यांच्याच दुकानातून रंगवून गेली होती.

शेवटी डिसेंबरात हे अंगाशी आलं. उल्कावर्षाव होणार असं बाईंकडून कळलं, आणि काकांनी सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं. "नुसते या. गाद्या माझ्या, रजया माझ्या, उल्का वरून!"

गच्चीभर गाद्या पसरल्या. वाणी आला, डॉक्टर आले, शिंपीणबाई सासूला घेऊन आल्या. सगळे रजईत शिरले. "मिथुनेकडे लक्ष ठेवा," काका म्हणाले आणि पहिला नंबर त्यांनीच लावला. पाठोपाठ वाणी. थोड्याच वेळात गच्ची लाकडाच्या वखारीसारखी घरघरायला लागली.

बाई जरा उशिराने आल्या. बघतात तर सगळे ढाराढूर, एकट्या काकू बादलीवर ताठ बसलेल्या.

"दिसल्या का हो?"

"पुष्कळ! एक तर हिरवट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. यांना हलवलं, तर म्हणाले, 'गिऱ्हाइकाला बसव, आलोच.'"

दुसऱ्या दिवशी जो तो दुकानात येऊन म्हणत होता, "काका, काय झोप लागली हो!" उल्केबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काका दिवसभर एकेक गादी दाबून बघत बसले. संध्याकाळी काकूंना म्हणाले, "अगं, दोष माझा नाही, माझ्या हाताचा आहे. गादी फार चांगली होते."

मग त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. कापूस न पिंजता तसाच कोंबला, मध्ये काथ्याचे गोळे घातले आणि टाके मुद्दाम वेडेवाकडे टाकले. टाके घालताना त्यांना अक्षरशः रडू येत होतं. "कुणी बघितलं तर काय म्हणेल," म्हणून दुकानाचं दार लावून घेतलं होतं.

त्या गादीवर काका पडले आणि ताडकन उठून बसले. पुन्हा पडले. एक गोळा बरोबर कमरेत. डोळ्याला डोळा लागेना. त्या रात्री व्याध वर येताना त्यांनी पहिल्यांदा बघितला, निळसर, लुकलुकणारा, आणि एवढ्या जोरात "आला!" म्हणून ओरडले की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी पाहुणा समजून दार उघडलं.

पुढे त्या गादीला मागणी आली. डॉक्टरांनी परीक्षेला बसणाऱ्या मुलीसाठी नेली. शिंपीणबाईंनी मुक्काम न हलवणाऱ्या मेहुण्यासाठी नेली, आणि मेहुणा परवाच गेला, असं त्या आनंदाने सांगून गेल्या.

पुढच्या नोव्हेंबरात काका काकूंना सोबत घेऊन भाद्रपदांचा चौकोन बघत होते. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये मोठी मोकळी जागा. काका कमरेखालचा गोळा सरकवत बराच वेळ निरखत राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"खोळ बरी शिवलीय," काका म्हणाले, "पण आत कापूस भरायचा राहिला."