जोर तिसऱ्या अक्षरावर

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या बाई लांबलचक ग्रीक शब्द फोडून शिकवायच्या — डोकं वेगळं, शेपूट वेगळं, जोर कुठे द्यायचा ते वेगळं. उच्चार मला पटकन जमायचे. अर्थ? तो परीक्षेपुरता.

रावेरहून निरोप आला, वहिनीला जळगावच्या दवाखान्यात ठेवलंय. सव्वीस वर्षांची ती. पोटात गाठी, अंगावरून सारखं जाणं, मूलबाळ नाही. मी पोचले तर भाऊ हातात ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन उभा. डॉक्टर घाईघाईत काहीतरी सांगून गेलेले, याला कळलं नव्हतं, आणि परत विचारायचा धीर नव्हता. "तू वाच," म्हणाला. आई, आबा, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा माझ्याकडे बघत होती. मी वाचलं — हिस-ट-रेक-ट-मी. पाच तुकडे, जोर तिसऱ्यावर, अगदी बाईंसारखा. आबांची मान ताठ झाली.

"म्हंजे काय, ताई?" वहिनीनं विचारलं.

शब्दाचं डोकं आठवत होतं — गर्भाशय. शेपूट आठवेना. 'माहीत नाही' म्हणता आलं नसतं का? आलं असतं. मी म्हटलं, "पिशवीला छेद देऊन गाठी काढतील."

"मंग पोर व्हईन ना?"

"होईल."

तिनं सही केली.

दुपारी वही उघडली. टॉमी — छेद देणे. एक्टॉमी — काढून टाकणे.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. संध्याकाळभर मी तिच्या उशाशी बसले, तिची वेणी घातली. एक वाक्य पुरलं असतं. पण मग आबांसमोर चूक कबूल करावी लागली असती — तेवढ्यासाठी? हो, तेवढ्यासाठीच. ऑपरेशन कदाचित टळलं नसतं. पण नाही म्हणायचा हक्क तिचा होता.

पाळी बंद झाली तेव्हाही मीच म्हटलं, अशक्तपणा आहे, येईल. एका खोट्याला दुसरं लागतंच. तीन वर्षं ती दर चतुर्थीला उपाशीपोटी पद्मालयाच्या गणपतीला जायची. शेवटी चोपड्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला खरं सांगितलं. कळताच मी रावेरला गेले — सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. तिनं मला पोटाशी धरलं.

"त्या डॉक्टरनं तुलेबी फसवलं ना, ताई?"

मी हो म्हटलं.