उंच लागणारी दाढ

कुणाच्या घरी गेलं की बायका तिला हमखास विचारायच्या, "दिवसभर दुसऱ्यांचे दात हाताळायचे म्हणजे... किळस नाही वाटत हो?"

ती म्हणायची, "दातांची नाही वाटत."

पुढे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

लग्न होऊन आली तेव्हा मात्र वाटली होती. सासऱ्यांची दातांची लॅब घराच्या खालच्या मजल्यावरच होती. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप गुलाबी लगद्यात घेऊन पाठवायचे. त्याला कधी वाळलेली लाळ लागलेली असे, कधी रक्ताचा डाग, एकदा तर कुणाच्या तरी दुपारच्या जेवणातलं शीत. पहिल्या आठवड्यात ती दोनदा मोरीत जाऊन ओकली. सासरे दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "सूनबाई, तोंड म्हणजे तोंड. आपलंही आतून असंच असतं." तिला ते पटलं. पुढच्या सोमवारी ती नाकाला रुमाल न लावता मापं धुवायला बसली. मग त्यांत प्लास्टर ओतायला शिकली, वाळलेल्या जबड्यांवर डॉक्टरांचं नाव नि पेशंटचा नंबर घालायला शिकली, आणि दोनेक वर्षांत दाढांची झीज बघून हा माणूस कुठल्या बाजूनं चावतो, हेही तिला सांगता येऊ लागलं.

किळस यायला लागली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि फार सावकाश.

लग्नाच्या पुढच्याच वर्षी नवऱ्यानं दोन कवळ्यांची अदलाबदल केली. एका रिटायर्ड हेडमास्तरांना एका बाईची कवळी गेली. डॉक्टर चिडले, सासरे त्याहून चिडले. नवरा खाली मान घालून प्लास्टरच्या पोत्याकडे बघत उभा राहिला, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, चिठ्ठ्या मी लावल्या होत्या." बोलणी तिनं खाल्ली. जेवताना नवरा म्हणाला, "बरं झालं तू बोललीस. बाबांनी मला फाडून खाल्लं असतं." आणि त्यानं आणखी वाढून घेतलं.

तेव्हा तिला वाटलं होतं, नवी नवरी असताना असं करावंच लागतं. पण ती जुनी झाली तरी ते सुटलं नाही. विसरलेला फोन तिनं विसरलेला असायचा, चुकलेली ऑर्डर तिनं चुकीची ऐकलेली असायची. सासरे गेले, नवरा मालक झाला, सगळे त्याला साहेब म्हणू लागले आणि तिला वहिनी. साहेब डॉक्टरांकडे जाऊन छान बोलायचे. ते परत आले की वहिनी फोन करून, ते काय काय कबूल करून आलेत, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यायची.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. मग सहा महिन्यांत धंद्याचं रूपच पालटलं.

डॉक्टरांनी तोंडात फिरवायचे कॅमेरे घेतले. गुलाबी लगदा नको, प्लास्टर नको. जबड्याचं चित्र कॉम्प्युटरवरून दूरच्या एका मोठ्या कारखान्यात जायचं आणि तिसऱ्या दिवशी दातावर चढवायची तयार कॅप हजर. मापं गोळा करायला जाणारा माणूस पूर्वी दोन पिशव्या भरून आणायचा; आता तो एक पिशवी घडी करून काखेत मारून परत यायला लागला. मेणखोलीतली सहा माणसं, म्हणजे मेणात दात कोरणारे, घासणारे, भट्टीत चकाकी देणारे कारागीर, दुपारनंतर सुऱ्यांना उगाच धार लावत बसायची.

नवरा तीन दिवसांच्या शिबिराला गेला. 'उलथापालथीच्या काळात कंपनीचं नेतृत्व' असं काहीतरी त्याचं नाव होतं. येताना निळी फाइल आणि तोंड भरून शब्द घेऊन आला. सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "आजपासून लक्षात ठेवा. आपण कॅप बनवत नाही. आपण हास्य बनवतो."

मेणखोलीतली जाड चष्मेवाली हळूच म्हणाली, "मग भट्टीत काय घालायचं?"

मेणखोलीतले मुख्य कारागीर, मास्तर, खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले तेवढे एकच उरले होते.

एक मात्र खरं, कॅप कापून देणारं मशीन घेण्याचा निर्णय नवऱ्यानं घेतला आणि तो बरोबर होता. त्यानं घेतला नसता तर तिनं त्याच्या नावावर घेतला असता. मशीन काचेच्या खोलीत बसलं. पांढऱ्या ठोकळ्यातून वीस मिनिटांत दाढ कापून द्यायचं. बघणाऱ्याला जादूच वाटावी. नवरा डॉक्टरांना आणून दाखवायचा आणि दाखवताना मशीनच्या पाठीवर हात ठेवायचा, घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

पहिल्या आठवड्यात चाळीस कॅप गेल्या, सतरा परत आल्या. एकच तक्रार, उंच लागतेय. तोंड मिटलं की तीच दाढ आधी टेकते, बाकीचे दात अधांतरी.

मास्तरांनी एक कॅप बोटात फिरवली, जबड्याच्या नमुन्यावर बसवली, मध्ये निळा कागद धरून जबडा मिटला. कॅपवर निळे ठिपके उठले. "मशीनला दात दिसतो, वहिनी. चावणं दिसत नाही. हा माणूस बघा, झोपेत दात खातो. इथं इतकी उंची त्याला चालायची नाही." आणि त्यांनी चार ठिकाणी घासून ती कॅप बसवली.

ती नवऱ्याला सांगायला म्हणून काचेच्या खोलीपर्यंत गेली होती. आत तो दोन डॉक्टरांना सांगत होता, "माणसाचा हातच लागत नाही, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नाही." ती दारातून परत फिरली. आता सांगितलं तर हा डॉक्टरांपुढे तोंडावर आपटेल, असं तिच्या मनात आलं. इतक्या वर्षांनंतर विचार करायला वेळसुद्धा लागला नाही.

मेणखोलीत येऊन ती म्हणाली, "मास्तर, साहेब दहाला खाली उतरतात. तुम्ही सगळे सातला आलात तर? आदल्या दिवशीच्या कॅप बघून द्यायच्या. मशीन टिकलं तर लॅब टिकेल."

"साहेबांना?"

"मी सांगेन नंतर."

सहाही जण सातला येऊ लागले. चष्मेवाली सासूला औषध देऊन, डबा भरून, धावत यायची. कॅप परत येणं बंद झालं. महिन्याभरात एक नाही, दुसऱ्या महिन्यात एक नाही. मास्तरांचं घासणं इतकं बेमालूम असे की ते झालंय, हे मशीन चालवणाऱ्यालाही कळत नसे.

दुसरा महिना संपत आला तेव्हा नवऱ्यानं सकाळच्या चहाला कागद पुढे केला.

"बघ. शून्य तक्रारी. लॅबवाल्यांच्या संघटनेच्या समारंभात माझा सत्कार करतायत. भाषण लिहून दे जरा, तुला जमतं ते." मग टोस्ट चहात बुडवत म्हणाला, "आणि पुढच्या महिन्यापासून मेणखोली बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, काय काम आहे त्यांना? मी जाता-येता बघतो ना, बसलेले असतात."

"मास्तरसुद्धा?"

"मास्तरांना छान निरोप देऊ. फोटोबिटो." टोस्टचा तुकडा चहात पडला. त्यानं तो बोटानं काढून खाल्ला.

आयुष्यभर लोकांच्या तोंडातलं धुतलेली बाई ती, पण त्या ओल्या टोस्टकडे तिला बघवेना. तरी वेळ बघून त्याला सांगू, असं तिनं ठरवलं. ती वेळ तीन आठवडे आली नाही. रोज सातला सहा माणसं यायची, स्वतःची नोकरी घालवणारं मशीन नीट चालतंय असं दाखवायला घासत बसायची, आणि ती त्यांना चहा नेऊन द्यायची. चष्मेवाली म्हणायची, "वहिनी स्वतः चहा आणतात, अजून काय पाहिजे?" ती जिना चढून वर येई आणि हात धुऊन घेई, कारण नसताना.

नवऱ्याची उजवीकडची दाढ पूर्वीच तुटली होती. त्याला कल्पना सुचली. समारंभाच्या आधी आपल्याच मशीनची कॅप आपल्याच तोंडात बसवायची आणि स्टेजवर तोंड उघडून दाखवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी कॅपच्या डब्यातली चिठ्ठी वाचली. "साहेबांची? मग हीच आधी घेतो."

"ती राहू द्या."

"उंच आहे, वहिनी. कागद लावून बघितला मी."

"आहे तशीच जाऊ द्या."

बाकीचे हात थांबले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणाच्या तोंडाशी असा खेळ मी केलेला नाही."

"कुणाच्या नाही, मास्तर. माझ्या नवऱ्याच्या. आणि तुम्ही काही करूच नका, एवढंच म्हणतेय मी."

मास्तरांनी डबा बंद करून बाजूला सरकवला.

साडेअकराला डॉक्टरांचा फोन आला. "वहिनी, काय हो हे? इतक्या दिवसांत तुमची एक कॅप उंच आली नाही, आणि आली ती साहेबांची! अर्धा तास घासतोय. घासून घासून भोक पडलं. तात्पुरतं काहीतरी बसवून देतोय, नवी करा."

नवरा आला तो अर्धा चेहरा बधिर, ओठ लोंबतोय, रुमाल हनुवटीला. जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "कोनी केयी ही?"

"तुमच्या मशीननं."

"मग रोजच्या... रोजच्या कशा बशतात?"

"रोजच्या मास्तर बसवतात. ते आणि ते पाच जण. सकाळी सातला येऊन. पहिल्या आठवड्यात सतरा परत आल्या होत्या. मी तुम्हाला कळू दिलं नाही."

लाळेचा थेंब टेबलावर पडला, त्यानं पुसला नाही. आता हा चिडेल, असं तिला वाटलं. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मग मला आधी का नाही सांगितलंश?" त्यानं खरंच न समजून विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

"म्हणजे इतके दिवस मी डॉक्टरांना जे सांगत होतो..." तो थांबला. आता लाज येतेय, असं तिला वाटलं. तो पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला, "ते कुणाला कळलेलं नाही ना?"

आतून काहीतरी घशापर्यंत आलं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मोरीत धावली होती तसंच. तिनं ते गिळलं.

"सहाही जण राहतील," ती म्हणाली. "लेखी पाहिजे. आणि डॉक्टरांच्या बिलावर लिहायचं, कापणी मशीनची, बसवणी हाताची."

"तीन पुरतील की."

"सहा. नाहीतर उद्यापासून कॅप आहेत तशा जातील."

त्यानं गाल धरला. "बरं, शहा." आणि जरा वेळानं, आश्चर्य म्हणजे, त्याचे डोळे चमकले. "अगं, पण हे वाईट नाही. यंत्राचा वेग आणि... आणि माणशाचा हात. थांब, हे चांगलं आहे. भाशनात घालू. लिहून घे, लिहून घे."

तिचा हात पेनाकडे गेला. पेन उघडून झालं, कागद ओढून झाला, 'यंत्राचा वेग' एवढं लिहूनही झालं, तेव्हा तिला दिसलं की हा आपला हात. नवरा समोर तोंड अर्धवट उघडं ठेवून पुढचा शब्द शोधत होता. पण तिला शिसारी आली ती त्या तोंडाची नव्हे, त्या दोन शब्दांच्या आपल्याच वळणदार अक्षराची.

तिनं कागद उलटा केला, मागच्या बाजूला सहा जणांची नावं लिहिली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. "इथं सही. भाषण तुमचं तुम्ही लिहा."

दुसऱ्या दिवशी सातला ती चहा आणि सहीचा कागद घेऊन मेणखोलीत गेली. सगळं सांगितलं. चहाच्या वेळचं साहेबांचं बोलणं, मेणखोली बंद करायचं ठरलेलं, साहेबांची दाढ, सही. कागद मास्तरांनी वाचला, मग हातोहात फिरला. कुणी हसलं नाही. चष्मेवालीनं तो सगळ्यांत शेवटी वाचला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

"वहिनी, बंद करायचं साहेब कधी म्हणाले होते?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे तीन आठवडे तुम्हाला ठाऊक होतं. आणि आम्ही सातला येत होतो."

"हो."

"आणि तुम्ही चहा आणत होतात."

"हो," ती म्हणाली.

चष्मेवालीनं टेबलावरचा कप उचलला, चहा बेसिनमध्ये ओतला, कप विसळून उपडा घातला. बाकीचे आपापल्या दिव्याखाली वाकले. मास्तरांनी मेणाची पळी ज्योतीवर धरली आणि मान वर न करता म्हणाले, "दार लावून घ्या, वहिनी. वारा येतोय, मेण गार होतं."

तिनं बाहेर होऊन दार लावून घेतलं.